गिबस: अर्धा महिना डोक्यावर असलेला अनोळखी शब्द

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा जे आत्ता बसमध्ये आहेत आणि इयरफोन घरी विसरलेत, त्यांच्यासाठी हे या एपिसोडचं लिखित रूप. बोलताना मधेमधे येणारं 'अं... म्हणजे...' काढून टाकलंय. बाकी जवळपास तसंच आहे.

आधी एक काम करा. फोनमध्ये हवामानाचं किंवा चंद्राचं अ‍ॅप असेल तर उघडा आणि आज चंद्राच्या चित्राखाली काय लिहिलंय ते बघा. फुल मून म्हणजे पौर्णिमा, न्यू मून म्हणजे अमावस्या, क्रेसेंट म्हणजे चंद्रकोर. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण बऱ्याचदा तिथे 'वॅक्सिंग गिबस' नाहीतर 'वेनिंग गिबस' असं काहीतरी असतं आणि आपण ते न वाचताच पुढे जातो. आजचा एपिसोड या 'गिबस'वर.

उच्चार आधीच सांगतो, कारण मी स्वतः दोन वर्षं चुकीचा करत होतो. जिब्बस नाही. गिफ्टमधला 'गि', आणि पुढे 'बस'. गिबस.

या शब्दाशी माझी गाठ पडली ती आईमुळे. आईची संकष्टी असते. चंद्रोदय कधी हे तिला भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये मिळतं, पण ती माझ्याकडे राहायला आली की शहर बदलतं आणि वेळही थोडी बदलते. म्हणून मी तिच्या फोनसाठी एक छोटं विजेट बनवलं. लोकेशन घ्यायचं, चंद्रोदयाची वेळ दाखवायची, सोबत चंद्राचं चित्र आणि खाली आकाराचं नाव. मजकूर इंग्रजीत होता, तो एका फुकटच्या टूलमधून मराठी करून घेतला आणि न तपासता टाकून दिला. संकष्टीला संध्याकाळी आईचा आवाज, "अरे, हा मेणाचा कुबडा कोण?"

टूलने वॅक्सिंगचं 'मेण' केलं होतं आणि गिबसचं 'कुबडा'. शिवाय मी कोडमध्ये वाढता आणि घटता यांची अदलाबदल करून ठेवली होती. संकष्टीला वेनिंग दिसायला हवं, माझ्याकडे वॅक्सिंग दिसत होतं. म्हणजे एका ओळीत तीन चुका. असं मला तेव्हा वाटलं. नंतर कळलं की त्यातली एक चूक नव्हतीच.

कुबडा. गिबसचा मूळ अर्थ खरंच तोच आहे.

लॅटिनमध्ये 'गिबस' म्हणजे कुबड, पाठीवर आलेला उंचवटा. इटालियनमध्ये त्याच घराण्यातला 'गॉबो' आजही कुबड असलेल्या माणसाला म्हणतात. इंग्रजीत हा शब्द १४०० च्या आसपास आला, तोही फुगीर, बाहेर आलेला, कुबड असलेला अशा अर्थानेच. माणसाच्या पाठीसाठी, उंटासाठी, आणि चंद्रासाठीसुद्धा. पुढे माणसासाठीचा वापर मागे पडला आणि चंद्राला तो चिकटून राहिला. आज इंग्रजी बोलणाऱ्या एखाद्याला गिबस शब्द कुठे वापरशील विचारलं तर तो चंद्र म्हणेल आणि थांबेल. एकाच नामासाठी राखून ठेवलेलं विशेषण. आपल्याकडे 'घनघोर' म्हटलं की युद्ध, पाऊस किंवा जंगल यांच्यापलीकडे फारसं काही येत नाही, साधारण तसं.

आता आकार नेमका कोणता? अर्ध्यापेक्षा जास्त उजळलेला, पण पूर्ण नाही, असा. यात थोडी भूमिती आहे आणि ती सुंदर आहे, म्हणून दोन मिनिटं द्या. चंद्राच्या उजळ भागाला दोन कडा असतात. एक म्हणजे चंद्राची स्वतःची कड, ती नेहमी अर्धवर्तुळच असते. दुसरी म्हणजे उजेड आणि अंधार यांच्यामधली सीमा. चंद्र वाढत असतो तेव्हा या सीमेवर उभं राहिलात तर तुम्हाला सूर्योदय होताना दिसेल. अमावस्येनंतर ही सीमा आत वळलेली असते, म्हणून कोर दिसते. अष्टमीच्या सुमाराला ती सरळ रेष होते आणि बरोबर अर्धा चंद्र दिसतो. त्यानंतर ती बाहेर फुगायला लागते. दोन्ही कडा बाहेर फुगलेल्या, हीच गिबसची व्याख्या. प्राचीन ग्रीक लोक या चंद्राला 'अँफिकिर्टोस' म्हणत, म्हणजे दोन्हीकडून फुगलेला. मला हा शब्द लॅटिनपेक्षा जास्त आवडतो. व्याख्याच शब्दात बसवलीय, कुणाच्या पाठीची आठवणही काढायला लागत नाही.

आता ज्या गोष्टीमुळे हा एपिसोड करावासा वाटला, ती.

पंचांगातली तिथी म्हणजे काय? चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी संपते. पूर्ण फेरी ३६० अंशांची, म्हणून ३० तिथ्या. चंद्र ९० अंशांवर अर्धा होतो, हा क्षण शुद्ध अष्टमीच्या बरोबर मध्यावर येतो. १८० अंशांवर पौर्णिमा पूर्ण होते. २७० अंशांवर, वद्य अष्टमीच्या मध्यावर, तो परत अर्धा होतो. या ९० पासून २७० पर्यंतच्या सगळ्या काळात, पौर्णिमेचा क्षण सोडला तर, चंद्र गिबस असतो. ३० पैकी १५ तिथ्या. अर्धा महिना!

म्हणजे चंद्राचा सगळ्यात जास्त वेळ दिसणारा आकार हाच. आणि आपण लहानपणी चित्रात चंद्र काढला तो एकतर कोर नाहीतर गोल. इमोजीतही आपण तेच दोन पाठवतो. खरं तर किबोर्डवर दोन्ही गिबस चंद्र आहेत, कधी शोधून बघा. फुगलेला, थोडासा चेपलेला, अर्धवट गोल चंद्र कुणी काढत नाही. पण आषाढी एकादशीला पंढरपूरच्या वाळवंटावर ढगांतून जो चंद्र दिसतो तो गिबसच असतो, साधारण ७५ ते ८३ टक्के उजळलेला. शुद्ध पक्षातली कुठलीही एकादशी घ्या, हाच हिशोब. संकष्टीला आई ज्याला ओवाळून उपास सोडते तो चंद्रही गिबसच, ९० टक्क्यांवरून ८३ टक्क्यांपर्यंत उतरणारा. आणि चतुर्दशीला तुम्ही 'व्हॉट अ फुल मून' म्हणून जो स्टेटस टाकता तोही गिबसच. ९६ ते ९९ टक्के असल्यामुळे नुसत्या डोळ्यांना फरक कळत नाही एवढंच.

माझ्या विजेटमध्ये याच जागी आणखी एक बग होता. चंद्राचा महिना २९.५३ दिवसांचा. मी सरळ त्याचे आठ समान तुकडे केले आणि प्रत्येकाला एक नाव दिलं. इंटरनेटवर सापडणाऱ्या कितीतरी कोडमध्ये हेच केलेलं असतं. त्यामुळे माझ्याकडे पौर्णिमा जवळजवळ पावणेचार दिवस टिकायची. आई म्हणाली, "पौर्णिमा काल संपली, तुझ्या फोनात अजून चालूच आहे." पौर्णिमा हा क्षण असतो, तुकडा नाही. कोर आणि गिबस हे तुकडे असतात. ही गोष्ट आईला न शिकता माहीत होती आणि मला बीटेक करून माहीत नव्हती.

शब्दांकडे परत येऊ, कारण 'वॅक्सिंग' आणि 'वेनिंग' यांची गंमत गिबसपेक्षाही मोठी आहे.

वॅक्सिंगमधला 'वॅक्स' म्हणजे मेण नव्हे, पार्लरही नव्हे. जुन्या इंग्रजीत हे क्रियापद 'वाढणे' या अर्थाचं होतं. जर्मनमध्ये आजही वाढण्याला 'वाक्सन' म्हणतात. भाषाशास्त्रज्ञ याचं मूळ ज्या धातूत दाखवतात, त्याच धातूपासून संस्कृतातला 'ओजस्' आलाय. आपण एखाद्याचं भाषण ओजस्वी म्हणतो, तो ओजस्. आणि वेनिंगमधला 'वेन' म्हणजे कमी होणे. त्याचा संस्कृतातला नातेवाईक 'ऊन', म्हणजे कमी असलेला. तो मराठीत आजही जिवंत आहे. दहा उणे दोन. उणंदुणं काढू नको. आणि एकोणीस! एकोणीस म्हणजे एकाने ऊन वीस, वीसला एक कमी. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळे तसेच. म्हणजे 'वेनिंग मून' हा अगदी घरातला शब्द आहे. उणा होत जाणारा चंद्र.

हे मी मामाला फोनवर उत्साहाने सांगत होतो. तो सगळं ऐकून म्हणाला, "आणि ते मधलं काय म्हणालास? गिबस? तो माझ्या फाईलमध्ये आहे."

थोडं मागे जावं लागेल. पाच-सहा वर्षांपूर्वी मामाची पाठ दुखायला लागली. तो दुकानात दिवसभर उभा, त्यामुळे सगळ्यांनी त्यालाच दोष दिला. एका डॉक्टरांनी स्नायू आखडलेत म्हणून गोळ्या दिल्या, मग मलम, मग बेल्ट. असे सात-आठ महिने गेले. वजन उतरत होतं, संध्याकाळी कणकण वाटायची, दुखण्याने रात्री जाग यायची. या तिन्ही गोष्टी तो सांगायचा, पण वेगवेगळ्या लोकांना. शेवटी पाठीत मधोमध एक टोकदार उंचवटा दिसायला लागला, पाय जड पडायला लागले, तेव्हा एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये शब्द होता, 'गिबस'. स्पेलिंग जरा वेगळं, बाकी तोच लॅटिन शब्द. तेव्हा मी तो फोनवर सर्च केला होता आणि नंतर विसरूनही गेलो होतो. निदान होतं मणक्याचा टीबी.

याला 'पॉट्स डिसीज' असंही म्हणतात, पर्सिव्हल पॉट या लंडनच्या सर्जनवरून. त्याने १७७९ मध्ये याचं वर्णन केलं. हा आजार पॉटच्या कितीतरी आधीचा आहे, इजिप्तच्या ममींच्या मणक्यांतही त्याच्या खुणा सापडल्यात. टीबी फक्त फुप्फुसाचा नसतो हे आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं. जंतू रक्तातून मणक्यापर्यंत जातात आणि बहुतेक वेळा मणक्याचा पुढचा भाग पोखरतात. पुढचा भाग खचतो, मागचा तसाच राहतो, आणि कणा तिथे पुढे मोडल्यासारखा वाकतो. पाठीवर जे टोक दिसतं ते गिबस. मज्जारज्जूवर दाब आला तर पायांतली ताकद जाऊ शकते. वेळेत कळलं तर औषधांनी बरा होतो, पण गोळ्या फुप्फुसाच्या टीबीपेक्षा जास्त काळ घ्याव्या लागतात. मामाच्या वर्षभराहून जास्त चालल्या. सरकारी कार्यक्रमात त्या मोफत मिळतात. त्यामुळे घरात कुणाची पाठ आठवडेच्या आठवडे दुखत असेल आणि सोबत ताप, वजन कमी होणं, रात्रीचं दुखणं असेल, तर तिन्ही गोष्टी एकाच डॉक्टरला एकाच वेळी सांगा. एवढं एक वाक्य या एपिसोडमधून लक्षात राहिलं तरी मला चालेल.

मामा बरा झाला, दुकानात जातो. उंचवटा राहिला. हाड एकदा खचलं की औषधाने परत उभं राहत नाही.

तर त्याने फाईलची आठवण काढली आणि मी गप्प झालो. विजेटवर 'कुबडा' आलं म्हणून मी ऑफिसमध्ये हसत सुटलो होतो, स्क्रीनशॉट फिरवला होता. मी म्हटलं, "मामा, मी ते काढून टाकलंय." तो म्हणाला, "अरे काढलंस कशाला? चंद्राला माझाच तर आजार झाला होता."

तुम्हाला गोष्ट माहीत असेल. दक्षाच्या सत्तावीस मुली, म्हणजे सत्तावीस नक्षत्रं, चंद्राला दिलेल्या. तो राहायचा एकट्या रोहिणीकडे. बाकीच्या मुलींनी वडिलांकडे तक्रार केली आणि दक्षाने शाप दिला, तुला क्षय होईल. चंद्र झिजायला लागला. मग प्रभासला, म्हणजे आजच्या सोमनाथला, त्याला उतारा मिळाला. पूर्ण बरा नाही, अर्धा महिना झिजायचं आणि अर्धा महिना भरायचं. महाभारतात या आजाराला 'यक्ष्मा' म्हटलंय. क्षय आणि राजयक्ष्मा ही दोन्ही टीबीचीच जुनी नावं. आता बघा, लॅटिन बोलणाऱ्यांनी त्याच चंद्राला कुबड दिलं आणि आपण क्षय दिला. दोघांनी एकमेकांना न विचारता. मणक्याच्या टीबीमध्ये या दोन्ही गोष्टी एका माणसाच्या अंगावर येतात. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात काही गूढ नाही. पण मामाला तो फार आवडला. "म्हणजे मी वॅक्सिंग," तो म्हणाला, "गोळ्या संपल्यापासून."

गूढावरून आठवलं. तुमच्यातले जे भयकथा वाचतात किंवा तसे गेम खेळतात त्यांनी गिबस शब्द एच. पी. लव्हक्राफ्टकडे पाहिला असेल. त्याचा हा लाडका शब्द. १९१७ मध्ये लिहिलेल्या 'डेगन' या कथेतही समुद्रावर हाच चंद्र आहे. कोर नाजूक वाटते, पौर्णिमा मंगल वाटते, आणि हा मधला बेढब चंद्र अस्वस्थ करतो, हे त्याने बरोबर ओळखलं. माझं मत विचाराल तर त्यानेच या शब्दाची थोडी बदनामी केली. वनस्पतिशास्त्रात तर तो अगदी सभ्यपणे वावरतो. एका बाजूला फुगलेल्या पाकळीला किंवा पानाला गिबस म्हणतात. 'युट्रिक्युलेरिया गिबा' नावाची एक छोटी कीटकभक्षी पाणवनस्पती आहे, भारतातही मिळते. २०१३ मध्ये तिचा जीनोम वाचला गेला, तो जेमतेम ८ कोटी २० लाख अक्षरांचा निघाला आणि त्यात निरुपयोगी वाटणारा भाग फक्त ३ टक्क्यांच्या आसपास. आमच्या ऑफिसच्या कोडमध्ये उलटं प्रमाण निघेल, पण ते जाऊ दे.

या आकाराने एकदा विश्वाचा नकाशा बदलला होता, ते सांगायलाच हवं. १६१० चं शेवटचं वर्षार्ध, गॅलिलिओ दुर्बिणीतून शुक्र बघतोय. टॉलेमीच्या जुन्या मांडणीत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्यामधल्या भागात फिरतो. तसं असेल तर त्याची उजळ बाजू बहुतांश पलीकडे राहणार आणि आपल्याला तो फक्त कोरीच्या रूपात दिसणार. गिबस शुक्र त्या मांडणीत अशक्य! गॅलिलिओला तो आधी लहान आणि जवळपास गोल दिसला, मग फुगीर, मग अर्धा, मग मोठी कोर. म्हणजे शुक्र सूर्याच्या पलीकडेही जातो, म्हणजेच तो सूर्याभोवती फिरतो. याने पृथ्वी फिरते हे सिद्ध झालं नाही, टायको ब्राहीच्या मांडणीतही हे बसत होतं. पण टॉलेमीचा खेळ तिथे संपला. कोर कुणीही दाखवू शकलं असतं. फरक पाडला तो अर्ध्यापेक्षा थोडा जास्त भरलेल्या शुक्राने.

आणि सगळ्यात प्रसिद्ध गिबस फोटो तुम्ही पाहिलेला आहे. २४ डिसेंबर १९६८, अपोलो ८ मधून बिल अँडर्सने काढलेला 'अर्थराइज'. चंद्राच्या राखाडी क्षितिजावर उगवलेली निळी पृथ्वी. ती पूर्ण गोल नाही, गिबस आहे. त्या दिवशी आपल्याला इथून चंद्राची कोर दिसत होती, म्हणून तिथून पृथ्वी गिबस दिसत होती. दोघांच्या कला नेहमी एकमेकींच्या उलट असतात.

आता वाढता की घटता हे कसं ओळखायचं? इटालियनमध्ये त्यासाठी एक म्हण आहे. चंद्राचं कुबड पश्चिमेला असेल तर तो वाढतोय, पूर्वेला असेल तर घटतोय. आणखी सोपं हवं असेल तर घड्याळ बघा. सूर्य मावळताना आकाशात आधीच वर आलेला फुगीर चंद्र वाढता. सकाळी ऑफिसला निघताना पश्चिमेला फिकट उरलेला फुगीर चंद्र घटता.

राहिला माझा प्रश्न, विजेटवर मराठीत काय लिहायचं? 'फुगीर चंद्र' लिहून बघितलं, पुरीसारखं वाटलं. 'अर्धाधिक' लिहिलं, ते आईला कळलं पण तिने नाक मुरडलं. गेल्या संकष्टीला मामा आला होता. रात्री आम्ही तिघं गच्चीवर, तो प्लॅस्टिकच्या खुर्चीत, आईच्या हातात ताट. मी त्याला विचारलं.

"आकाराचं नाव कशाला पाहिजे?" तो म्हणाला. "आपल्याकडे रोजच्या चंद्राला नाव आहे की. दशमी म्हण, एकादशी म्हण. त्यात आकार आला."

खरं आहे. इंग्रजीला पंधरा तिथ्यांसाठी एक शब्द पुरतो, म्हणून त्यांना वॅक्सिंग आणि वेनिंग जोडावं लागतं. आपल्याकडे त्याच पंधरा दिवसांना वेगवेगळी नावं आहेत आणि सगळ्यांना मिळून एकही नाही. मी तिथेच उभ्या उभ्या लॅपटॉप उघडला आणि मराठी फाईलमधली ती ओळ काढून तिथे तिथी दाखवली. इंग्रजी फाईलमध्ये गिबस ठेवलाय, मामाच्या आग्रहाने.

चंद्र सांगितलेल्या वेळेला आला, पण आम्हाला दिसायला आणखी दहा मिनिटं लागली, कारण समोर पाण्याची टाकी आहे. वरून थोडा चेपलेला, पिवळट. आईने ओवाळलं, मामाने खुर्चीतूनच हात जोडले आणि मला म्हणाला, "तुझ्या अ‍ॅपमध्ये टाकी पण टाक."

त्यावर काम चालू आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तुमच्या गावाकडे, तुमच्या बोलीत या चंद्राला काही नाव असेल तर मला नक्की कळवा.